वहिनी आणि नादकाटा

आमच्या घरात शांतता अशी कधी नव्हतीच. मांडवीला समुद्र घराच्या पाठीशीच, त्यामुळे त्याची गाज चौथ्या भिंतीसारखी घराचाच एक भाग झालेली. त्या गाजेवर आईचा आवाज, आईच्या आवाजावर अप्पांचा, आणि या सगळ्यांवर ओटीवरच्या फळीवर ठेवलेला रेडिओ. अप्पांनी उभी हयात लाँचच्या इंजिनांशेजारी काढली होती. आधी खलाशी, मग ड्रायव्हर, आणि पाठ धरली तेव्हापासून मिरकरवाड्याला इंजिनं दुरुस्त करायचं काम. त्या धडधडीनं त्यांचे कान पार गेले होते. जेवताना त्यांनी मीठ मागितलं तरी शेजारच्या मयेकरकाकू खिडकीत येऊन बघत. पाहुण्यांनी माझ्याकडे बोट दाखवून 'मुलगी कितवीला?' असं विचारलं की अप्पा उत्तर देत, 'सुरमई. सकाळचीच हाय, ताजी.' त्यांच्या बहिरेपणाचं कुणाला वाईट वाटत नसे. पुरुषमाणसाच्या कामात गेलेले कान ते, त्यांचं घरात कौतुकच होतं.

अशा या घरात वहिनी आली. हर्णैची, कोळीवाड्याच्या वरच्या आळीतली. माझा भाऊ विष्णू, म्हणजे दादा, मुंबईला एका छापखान्यात कामाला होता, गणपतीला आणि शिमग्याला यायचा, म्हणून लग्न झाल्यावरही ती आमच्याकडेच राहिली. तिचा आवाज इतका हळू, की पहिले काही दिवस आई सगळ्यांना सांगत सुटली, 'गरीब गाय हाय माझी सून, तोंडातनं शब्द फुटत नाय.' तिसऱ्यांचं, शिंपल्यांचं कालवण ती असं करायची की अप्पा ताटात भाताचं शीत ठेवत नसत, आणि तांदळाच्या भाकरीला तिच्या हाताचा जो पापुद्रा सुटे तो आईलाही कधी जमला नाही. मी नववीत होते. मला बहीण नव्हती. शाळेतून आले की दप्तर टाकून मी थेट मागल्या पडवीत तिच्याजवळ जाऊन बसायची, आणि ती माझ्या तोंडाकडे एकटक बघत माझं सगळं बोलणं ऐकून घ्यायची. माझ्या बोलण्यात कुणाला एवढा रस असू शकतो याचं मला फार अप्रूप वाटे. ती माझ्या ओठांकडे बघत होती, हे मला फार उशिरा कळलं.

राजू झाला आणि घरातलं वारं फिरलं. आई स्वयंपाकघरातून हाक मारी, 'सुनंदाऽ', आणि वहिनी दारात उभी राहून समोरच्या माडाकडे बघत राही. दुसरी हाक, तिसरी हाक. मग आई ताडताड येऊन तिच्या पुढ्यात उभी राही तेव्हा ती दचके. 'पोर झाला नि डोकं चढला,' आई मयेकरकाकूंना सांगायची, 'आता मी हाक मारायची नि हिनं वाटल्यास ओ द्यायची.' बरं, नेहमी असंच होई असंही नाही. भातगिरणीत जावं, तिथं पट्ट्याची फडफड आणि जात्याची घरघर इतकी की आपलाच विचार आपल्याला ऐकू येऊ नये, आणि तिथं गिरणवाला जे म्हणे ते वहिनीला बरोबर कळे. आईलाच दोनदा विचारावं लागे. 'बघितलास ना?' आई घरी येताना मला म्हणायची. 'गिरणीत कान फुटत नाय हिचं. माझ्या घरातच फुटतंत.'   दुपारी सगळे आडवे झाले की वहिनी रेडिओची फळी पुसायला घेई आणि पुसता पुसता त्या लाकडी खोक्याला गाल टेकवून, डोळे मिटून उभी राही. एकदा आईनं ते पाहिलं. 'रेडिओला मिठी मारायला वेळ हाय,' एवढंच म्हणाली.

त्याच वर्षी आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला माने सर आले. सांगलीकडचे. समुद्र त्यांनी आधी पाहिलेला नव्हता म्हणे, आणि आल्यापासून रोज संध्याकाळी ते मांडवीच्या जेट्टीवर उभे राहून त्याच्याकडे काहीतरी चुकल्यासारखे बघत असत. एका संध्याकाळी त्यांनी आम्हा मुलींना तारे दाखवायला वाळूवर बोलावलं. सोबत घरचं मोठं माणूस हवं, अशी अट होती. माझ्याबरोबर वहिनी आली, राजूला आईजवळ ठेवून. नुकतंच मावळलं होतं, भगवतीच्या किल्ल्यावरच्या दीपगृहाचा झोत फिरायला लागला होता आणि भरतीच्या लाटा जेट्टीच्या दगडांवर आदळत होत्या. त्या आवाजात सरांना बेंबीच्या देठापासून ओरडावं लागत होतं. 'तो बघा व्याध! त्याचा उजेड तिथनं निघाला तवा तुम्ही पाटीवर ग म भ न गिरवत होता! इतकी वर्षं तो वाटेतच होता!' मग त्यांनी खाली दक्षिणेला, भाट्याच्या डोंगराच्या अंगाला अगस्ती दाखवला आणि म्हणाले, की या ताऱ्यांवर केवढे तरी स्फोट चाललेत, पण मधे हवा नाही, काहीच नाही. उजेडाला काही लागत नाही, तो मोकळ्या जागेतूनही येतो, पण आवाजाला कुणीतरी हात धरून आणावं लागतं. हवा, पाणी, लाकूड, काहीतरी. म्हणून वर सगळं मुकं.

आमच्यातल्या निम्म्या मुलींना लाटांपुढे काही ऐकू आलं नाही. वहिनीला सगळं ऐकू आलं. घरी येताना वाळूतून चालता चालता ती म्हणाली, 'म्हणजे गो, मला दिसतोय तो व्याध माझ्या लग्नाआधीचा. मी हर्णैला होतंय तवाचा.' आणि थोड्या वेळानं, 'बरं हाय तिथं. कुणी हाक मारीत नाय.' घरी आल्यावर तिनं अप्पांना उत्साहानं सगळं सांगितलं, उजेडाचं, वाटेतल्या वर्षांचं, मुक्या आकाशाचं. अप्पांना त्यातलं काही ऐकू आलं नाही, पण ते मान हलवत होते. आई मात्र चुलीपाशी ताठ बसली होती. 'लाटांच्या गाजेत मास्तराचा शब्द न् शब्द ऐकला,' ती म्हणाली. 'आणि माझी हाक?'

त्यानंतर काही दिवसांतच ते घडलं. फाल्गुनातली दुपार होती. आई कोकमं आणायला बाजारात गेली होती, मी नुकतीच शाळेतून येऊन अंगणात चपला काढत होते. राजू रांगायला लागला होता. तो ओटीवर एकटाच, कडेशी आलेला मला दिसला, आणि मी हात पुढे करायच्या आत जांभ्याच्या पायऱ्यांवरून गडगडत खाली आला. आधी काही आवाज नाही. मग त्यानं जी किंकाळी फोडली ती अजून माझ्या अंगात आहे. कपाळ फुटलं होतं, रक्त डोळ्यात उतरत होतं. मी त्याला उचललं आणि 'वहिनीऽ, वहिनीऽ' करत आत धावले. मधल्या खोलीत, दाराकडे पाठ करून, वहिनी विळीवर बसून नारळ खवत होती. मी तिच्या मागे पोर घेऊन उभी, पोर जिवाच्या आकांतानं ओरडतंय, मी ओरडतेय, मयेकरकाकू त्यांच्या घरातून धावत आलेल्या, आणि वहिनीचे खांदे संथपणे पुढेमागे हलताहेत. खवणीखाली पांढरा चुरा पडतोय. काकूंच्या मागोमाग आईही आली. बाजाराची पिशवी हातातच होती. आम्ही सगळ्याजणी क्षणभर तशाच उभ्या राहिलो. मग आईनं पुढे होऊन वहिनीच्या खांद्याला धरून तिला फिरवलं. पोराचं रक्त पाहिल्यावर वहिनीच्या तोंडून जो आवाज निघाला तो मात्र हळू नव्हता.

डॉक्टरांनी टाके घातले. राजूच्या कपाळावर ती खूण आहे अजून. हल्ली केस मागे गेल्यामुळे जास्तच दिसते. पण त्या दिवशी घरी आल्यावर आईनं राजूला वहिनीच्या हातात दिलं नाही. स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, 'पोराचा ओरडणापण कानाआड केलान. विष्णूला बोलावून घेतंय. रविवारी येऊन हिला हर्णैला पोचवू दे. पोर माझ्याकडे राहील.' तिचा आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच मला भीती वाटली. मयेकरकाकूंच्या जावयाच्या दुकानातून मुंबईला फोन गेला आणि दादाचा येतो म्हणून निरोप आला.

संध्याकाळी मी वहिनीला मागल्या पडवीत गाठलं. तिच्या समोर बसले, तिचा चेहरा माझ्याकडे वळवला आणि विचारलं, 'तुला ऐकू येत नाय ना?' तिनं आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, 'हळूहळू कमी होत होता, राजूच्या वेळी दिवस गेल्यापास्नं जास्तच. आधी पाखरा गेली, मग पावसाचा आवाज. आता समोर बोललेला कळतंय, पाठचा नाय.' मी म्हटलं, मग सांग की आईला. तिनं माझा हात घट्ट धरला. हर्णैला तिची एक मावशी होती, तीही अशीच बाळंतपणानंतर बहिरी झाली, आणि तिच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. मावशी माहेरीच म्हातारी झाली; गावातली पोरं तिच्या पाठीमागे डबे वाजवत. 'आगाऊ म्हणून पाठवली तर कधीतरी परत आणतील,' वहिनी म्हणाली. 'बहिरी म्हणून पाठवली तर नाय आणायची. तू कुणाला बोलू नको. राजूची शप्पत.' तिची ती गणितं बरोबर होती, हे मला त्या वयातही कळत होतं. मी राजूची शप्पत घेतली.

त्याच आठवड्यात सरांनी ध्वनीचा धडा काढला. डब्यातून दोन बोटांचं एक लखलखीत पोलादी हत्यार काढलं, रबराच्या ठोकळ्यावर आपटलं आणि हवेत धरलं. बारीक गुणगुण. 'हा नादकाटा.' मग त्याचा दांडा बाकावर टेकवला, आणि आख्खं बाक गायला लागलं. आम्हाला एकेकीला बाकाला कान लावायला सांगितलं. मग म्हणाले, 'आता गंमत बघा. कान दोन्ही बोटांनी घट्ट बंद करा.' आणि वाजता नादकाटा त्यांनी माझ्या कानामागच्या हाडावर टेकवला. कान बंद, आणि डोक्याच्या आत स्वच्छ, मोठा सूर. मी ताडकन उभी राहिले. मुली हसल्या. मला समोर वर्ग दिसतच नव्हता. रेडिओच्या लाकडाला गाल टेकवून, डोळे मिटून उभी असलेली वहिनी दिसत होती.

तास संपल्यावर मी सरांच्या मागे मागे गेले. शप्पत मोडली आणि सगळं सांगितलं. ते आधी चांगलेच बावरले. 'मी मास्तर आहे गं, डॉक्टर नाही. उद्या काही भलतंच झालं तर?' पण गिरणीचं सांगितलं तेव्हा ते थांबले. समुद्रावरच्या त्या संध्याकाळचं सांगितलं तेव्हा खुर्चीवर बसलेच. 'गोंगाटात सगळीच माणसं वरच्या पट्टीत बोलतात,' ते हळूहळू, स्वतःशीच म्हणाले. 'आणि गोंगाट तिच्यापर्यंत पोचतच नसला, तर तिला नुसतं बोलणंच ऐकू येणार. आपल्यापेक्षा चांगलं.' मग त्यांनी मला विचारलं, ती बोलते कशी? हळू? आणि तुझे वडील? मी सांगितलं. 'हं,' म्हणाले. 'तिची इच्छा असेल तर येतो. तिला विचार. तिनं नको म्हटलं तर मी उंबऱ्यात पाय ठेवणार नाही.'

वहिनीला मी विचारलं तेव्हा ती माझ्यावर चिडली नाही. आईनं त्या दिवसांत राजूला तिच्याजवळ फक्त पाजण्यापुरतं दिलं होतं. तिनं आईच्या खोलीकडे पाहिलं आणि म्हणाली, 'पोर घेतला तर मग राहिला काय. येऊ दे तुझ्या सरांना.'

रविवारी सकाळी दादा आला. रात्रभरच्या एस्टीनं डोळे लाल झालेले. त्यानं चहा घेतला आणि राजूच्या कपाळावरची पट्टी पाहिली. वहिनीची पिशवी बांधून ओटीवर ठेवलेली होती. घावणे केले होते, ते तसेच गार होत पडले. सर आले तेव्हा हातात नादकाट्याचा डबा आणि दुधाच्या पावडरीचे दोन रिकामे डबे. आईनं त्यांना पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही. सरांनी अंगणातलेच जांभ्याचे खडे त्या डब्यांत भरले. मग म्हणाले, 'काकू, तुम्हाला वाटतं सूनबाई ऐकू येत असून सोंग करतात. ते सोंग आहे का नाही, आता कळेल. पण आधी तुम्ही बसायचं.'

'मी कशाला?' आई म्हणाली.

'बस गो!' अप्पा ओरडले. त्यांना किती कळलं होतं देव जाणे.

आई पाटावर बसली. सरांनी तिला पाढे म्हणायला सांगितलं. आई चौथी शिकलेली, पण पावकी-निमकी सगळी तोंडपाठ. ती सुरू झाली, नेहमीच्या आवाजात, आणि सरांनी मागे उभं राहून तिच्या दोन्ही कानांशी ते डबे जोरजोरात खडखडवायला सुरुवात केली. काय झालं ते आईला स्वतःला कळलंच नाही. तिचा आवाज चढला, आणखी चढला, आणि थोड्याच वेळात ती सबंध आळीला ऐकू जाईल अशी निमकी ओरडत होती. मयेकरकाकू खिडकीत आल्या, 'काय झाला गो?' सरांनी डबे थांबवले. आईचा चढलेला आवाज तसाच एकटा घरभर घुमला, आणि ती गप्प झाली.

'कान असलेल्या माणसाला हे थांबवता येत नाही,' सर म्हणाले. 'गोंगाट झाला की आवाज आपोआप चढतो. ठरवून सोंग करणाऱ्यालासुद्धा.'

मग मी मागल्या पडवीतून वहिनीला आणून बसवलं. तिला काय तपासताहेत ते आम्ही सांगितलं नव्हतं. फक्त दोनाचा पाढा म्हण, एवढंच. ती सुरू झाली. बे एके बे. सरांनी डबे वाजवले. बे दुणे चार. मी आईच्या चेहऱ्याकडे बघत होते. डबे कानांना जवळजवळ चिकटलेले, सरांच्या मनगटाच्या शिरा ताणलेल्या, राजू घाबरून रडायला लागलेला, आणि त्या सगळ्या कल्लोळात वहिनीचा आवाज जसाच्या तसा, हळू, एका पट्टीत, देवापुढच्या समईसारखा. तो चढलाच नाही. बे दाहे वीस झालं तेव्हा ती थांबली आणि आमच्या तोंडांकडे बघायला लागली.  आपण चुकलो का बरोबर आलो, हे तिला समजत नव्हतं.

'म्हणजे बहिरीच,' आई म्हणाली.

दादा उठला आणि अंगणात जाऊन माडाला टेकून उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. वहिनीनं आईचे ओठ वाचले होते. ती एकदम उठली, ओटीवर गेली आणि आपली पिशवी उचलली. मला वाटलं, मीच हिला हर्णैला पोचवली. मी सरांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. 'थांबा,' ते म्हणाले, 'माझं अजून झालेलं नाही. तुम्ही पण आत या की, भाऊ.'

दादा आला. सरांनी वहिनीला पुन्हा बसवलं, नादकाटा ठोकला आणि तिच्या कानाशी धरला. तिनं मान हलवली. काही नाही. मग त्यांनी तोच काटा, पुन्हा न ठोकता, तिच्या कानामागच्या हाडावर टेकवला. वहिनीचे डोळे मोठे झाले. तिचा हात आपोआप वर गेला आणि सरांच्या मनगटावर पडला, काटा कुणी काढून घेईल की काय अशा भीतीनं. 'वाजतंय,' ती माझ्याकडे बघून म्हणाली. 'वाजतंय गो शैले!' सूर विझेपर्यंत तिनं तो हात सोडला नाही. मग सरांनी अप्पांना बसवलं. अप्पांचं उलट होतं. हाडावरचा सूर त्यांना लगेच विझल्यासारखा झाला, कानाशी धरल्यावर आणखी थोडा वेळ आला, आणि तोही क्षीण. सरांनी दोन्ही दोनदोनदा करून पाहिलं आणि मग आईसमोर खाली जमिनीवर बसले.

'काकू, अप्पांचा आतला तंतूच इंजिनानं खाल्लाय. तो काही परत यायचा नाही. हिचं तसं नाही. हिच्या आत सगळं धड आहे, बाहेरनं आत जायची वाट कुठंतरी अडलीय. कानात तीन बारकी हाडं असतात, एकाला एक टेकून आवाज आत पोचवतात. त्यातलं एखादं घट्ट झालं असंल. हे मी पुस्तकात वाचलंय, पाहिलेलं नाही. पण मुंबईला यावर शस्त्रक्रिया करतात. हिला हर्णैला न्यायच्या आधी मुंबईला न्या.'

'आणि पोराला झाला तर असा?' आईनं विचारलं.

सर खोटं बोलले असते तर त्या दिवशी सोपं झालं असतं. 'मला माहीत नाही,' ते म्हणाले.

त्यावर सगळे दादाकडे बघायला लागले. दादा कमी बोलणारा; लहानपणापासून आईसमोर त्याचं तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. तो वहिनीच्या समोर जाऊन उकिडवा बसला आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, 'मला का नाय सांगितलास?' तिनं त्याला उत्तर दिलं, पण इतकं हळू की ते आमच्यापर्यंत आलं नाही. मग त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि आईला म्हणाला, 'संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला जातंव.'

पुढचे ते दिवस मला आठवतात ते आईच्या राजूला खेळवण्याच्या आवाजानं. राजू वरच्या दुधाला तोंड लावत नव्हता. आई त्याला खांद्यावर घेऊन ओटीवर येरझाऱ्या घालायची, आणि मी दुकानातल्या फोनवर निरोपाची वाट बघत असायची. दादानं कळवलं ते असं: हाड घट्ट झालंय हे खरं. तिसरं, रिकिबीच्या आकाराचं, सगळ्यात लहान. ते काढून जागी तार बसवतात. बहुतेकांना येतं ऐकू. पण एखाद्याचं उरलंसुरलंही जातं. दादाचं मन होत नव्हतं. वहिनीनं डॉक्टरांना सांगितलं, करा. हे ऐकल्यावर आई म्हणाली, 'तिनं सांगितलान?' आणि मग बराच वेळ राजूच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

शस्त्रक्रिया जागेपणीच केली. वहिनीनं मला पुढे कितीदा तरी ते सांगितलं आहे. तोंडावर हिरवं कापड, कानात फक्त दाब. आणि मग अचानक, कुणीतरी कात्री पत्र्याच्या ताटलीत टाकली ती तिला ऐकू आली. फार मोठी, फार जवळ. डॉक्टरीणबाईंनी वाकून कुजबुजत विचारलं, 'ऐकू येतंय?' ती म्हणाली, 'बाई, ओरडू नका.' मी पुढे आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. कानाचं चित्र फळ्यावर काढताना त्या तिसऱ्या हाडाशी आले की माझा खडू दरवर्षी थांबायचा, आणि मुली खुसखुसायच्या. वहिनीचा दुसरा कान मात्र तसाच राहिला. तिनं परत टेबलावर जायला नकार दिला. आता त्यात यंत्र आहे. राजूचे कान ठणठणीत आहेत, त्याच्या मुलीचे आम्ही अजून तपासून घेतो.

ती परत आली ती सकाळ. कानाला अजून कापूस होता. राजूला तिनं असं ओढून घेतलं की तो बिचकून रडला, आणि त्याचं रडणं ऐकून ती खाली बसून हसायला लागली. आई दारात उभी होती. 'सुनंदा, चाय ठेवलंय,' आई म्हणाली, तिच्या नेहमीच्या, जेट्टीपर्यंत पोचणाऱ्या आवाजात. वहिनीनं झटकन कानावर हात घेतला. आईचा चेहरा उतरला. दादा म्हणाला, 'आई, तिला आता सगळा मोठा वाटतो. भांडी, पाखरा, समुद्रपण. डॉक्टर म्हणाले, होईल सवय.' आई आत गेली.

आईनं वहिनीची माफी कधी मागितली नाही. आमच्याकडे सासू सुनेची माफी मागत नसे, आणि मागितली असती तर वहिनीलाच कुठं बघावं कळलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी आईनं समुद्राकडच्या खिडकीच्या फटीत जुनी लुगडी कोंबलेली मला दिसली. पातेली ती फडक्यावर ठेवायला लागली. वहिनीशी बोलायचं झालं की जवळ जाऊन, घसा आवळून बोलायची. तिला ते अजिबात जमत नसे, आवाज मधेच फुटायचा आणि खोकला यायचा. त्याच आठवड्यात मयेकरकाकू चौकशीला आल्या आणि पायरीवरूनच, आम्हा सगळ्यांच्या सवयीनं, मोठ्यानं म्हणाल्या, 'काय गो, आली काय बहिरी?'

आई ओटीवर राजूला भरवत होती. ती उठली, पायरीपर्यंत गेली आणि त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाली, 'हळू बोल. माझ्या सुनेला ऐकू येतंय.'

वहिनी आतल्या खोलीत होती. तिनं ते ऐकलं.